उरण : बेटावरच्या बंदरापासून नगरपरिषदेपर्यंत – दीडशे वर्षांचा कारभार आणि आजचा हद्दीचा प्रश्न

उरण : तालुक्याच्या पूर्व भागात सध्या कुठल्याही गावात जा, पारावर विषय एकच. तिसरी मुंबई. मार्च २०२४ मध्ये शासनाने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या नवीन नगराला मंजुरी दिली आणि एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलं. तेव्हापासून लोक विचारतात, "आमची ग्रामपंचायत राहणार का? घरपट्टी कोण घेणार? उद्या पाण्याला कोणाच्या दारात जायचं?"

याचं उत्तर शोधायचं तर आपल्याच तालुक्याच्या गावाकडे, म्हणजे उरण शहराकडे, एकदा नीट बघायला हवं. दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ या शहराला स्वतःची नगरपालिका आहे. त्या नगरपालिकेला काय मिळालं, काय हातातून गेलं आणि का गेलं, हे समजलं की पुढचं थोडं सोपं जातं. म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे.

उरण बेट होतं म्हणजे नक्की कसं?

आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण उरण हे बेट होतं. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत याला 'करंजा बेट' असंच म्हटलेलं आहे. पश्चिमेला मुंबई बंदराचं पाणी, दक्षिणेला धरमतर खाडीचं तोंड आणि पूर्वेला खाडी, तिवरं आणि चिखल. भरतीला पाणी आत यायचं आणि बेट मुख्य जमिनीपासून तुटायचं. दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेला मोऱ्याकडची टेकडी आणि मधल्या सखल पट्टीत वस्ती, भात आणि मीठ. आजचं उरण शहर त्याच मधल्या पट्टीत आहे.

बेट जमिनीला जोडलं गेलं ते कुठल्या एका पुलाने नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी खाडीला बांध घातले, उघाड्या बसवल्या, खारं पाणी बाहेर ठेवून गोडं पाणी साठवलं आणि भाताची खारं तयार केली. बाकीच्या भागात मिठागरं झाली. बांध सांभाळायचं काम गावकीचं. उधाणाला बांधाला खांड पडली तर रात्री-अपरात्री सगळ्या घरांतून माणूस निघायचा. मी स्वतः खारातला शेतकरी, लहानपणी आज्याबरोबर कंदील घेऊन बांधावर उभा राहिलेलो आहे. पुढे १९४८ मध्ये मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला आणि बांधबंदिस्तीत सरकार आलं. पण बेटाची जमीन वाढवली ती आधी लोकांनीच, हे विसरता येत नाही.

शिलाहार, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज

उरण जुनं किती? चांजे आणि राणवड इथे शिलाहार राजांच्या काळातले शिलालेख मिळालेले आहेत. म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकात इथे वस्ती, शेती आणि दानाच्या जमिनी होत्या.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. द्रोणागिरीवर आणि खाली गावात त्यांनी तटबंदी केली, चर्च बांधली. शहरातल्या 'कोटनाका' या नावात तो कोट अजून शिल्लक आहे. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत पोर्तुगीजांचा उत्तर कोकणातला मुलूख मराठ्यांकडे आला, त्यात हे बेटही आलं. पण पस्तीसेक वर्षांतच, १७७४ च्या अखेरीस, इंग्रजांनी साष्टीबरोबर करंजा बेटही घेतलं. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी आणि करंजा इंग्रजांकडेच राहिली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बाकीच्या कुलाबा मुलखात इंग्रजी अंमल आला तो पेशवाई गेल्यावर, आंग्र्यांच्या संस्थानात तर आणखी उशिरा. उरणला मात्र तो १७७४ पासून. मुंबईचं पहिलं शेजारगाव म्हणून उरणकडे बघितलं गेलं. मुंबईला मीठ हवं, दारू हवी, दगड-माती हवी, भाजी-मासळी हवी, ते या बेटावरून जायचं. उरणचा पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. मुंबईला काय हवं, त्यावर इथे काय होणार ते ठरत आलं.

नगरपालिका कशी आली?

१८५० साली कंपनी सरकारने २६ वा कायदा केला. गावातल्या लोकांची मागणी असेल तर तिथे सुधारणेसाठी कमिटी नेमता येईल आणि कर बसवता येईल, असा तो कायदा. त्यानुसार १८५२ मध्ये शेजारच्या पनवेलला नगरपालिका झाली. उरणला ती १८६० च्या दशकात आली. त्या काळात कोकणातली बंदराची आणि बाजारपेठेची गावं एकामागून एक नगरपालिका होत होती.

उरण तेव्हा तालुकाही नव्हता. पनवेल तालुक्यातला तो पेटा, म्हणजे लहान पोटविभाग. जिल्हा ठाणे. १८८३ मध्ये पनवेल तालुका ठाण्यातून काढून कुलाब्याला जोडला, त्याबरोबर उरणही कुलाब्यात आलं. १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचा रायगड झाला. म्हणजे नगरपालिका जुनी आणि तालुका नंतरचा, असा उलटा प्रकार आहे.

सुरुवातीची नगरपालिका म्हणजे आजच्यासारखी निवडून आलेली सभा नव्हे. सरकारी अधिकारी प्रमुख आणि गावातली चार वजनदार माणसं सभासद. काम काय? रस्ते झाडणं, दिवे लावणं, विहिरी-तलाव साफ ठेवणं, देवी टोचणं, बाजार आणि कत्तलखान्याची व्यवस्था. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने निवडणुकीचं तत्त्व आलं, पण मत कर भरणाऱ्यालाच. कोळीवाड्यातल्या, मिठागरातल्या माणसाला मत नव्हतं. सगळ्या प्रौढांना मत मिळालं ते स्वातंत्र्यानंतर.

पैसा कुठून यायचा? मीठ, दारू आणि जकात

एकोणिसाव्या शतकात उरण म्हटलं की दोन गोष्टी : मिठागरं आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या. भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या. मोहाची फुलं बाहेरून यायची, दारू गाळून मोऱ्याच्या बंदरातून मुंबईला जायची. अबकारी आणि मिठाचं खातं सरकारचं, त्यामुळे मोठा महसूल वर जायचा. नगरपालिकेकडे राहायची ती घरपट्टी, जकात आणि बाजाराची फी.

बेटावर जकात गोळा करणं त्या मानाने सोपं, कारण माल उतरायच्या जागा मोजक्या. १९९९ पर्यंत राज्यातल्या नगरपरिषदांचं हे मोठं उत्पन्न होतं. त्या वर्षी शासनाने नगरपरिषद हद्दीतली जकात बंद केली आणि त्याबदल्यात सहायक अनुदान सुरू केलं. म्हणजे काय तर आधी नाक्यावर पावती फाडून पैसा यायचा, आता तो मंत्रालयातून यायची वाट बघायची. लहान नगरपरिषदा अनुदानावर जगतात अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते, तिचं एक मूळ इथे आहे.

पाणी : तलावापासून रानसईपर्यंत

बेटाचं पहिलं दुखणं पाणी. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला नाही. जुन्या काळी गावाची मदार विहिरींवर आणि तलावांवर. शहरातला विमला तलाव आज फिरायला आणि बसायला आहे, पण गावाच्या पाण्याची गोष्ट अशाच तलावांपासून सुरू होते. विहीर उथळ असेल तर मार्च-एप्रिलला पाणी मचूळ लागायचं.

आज शहराला आणि आसपासच्या गावांना पाणी येतं ते प्रामुख्याने एमआयडीसीच्या रानसई धरणातून. धरण तालुक्याच्या पूर्वेला डोंगरात, शहर पश्चिमेच्या टोकाला. पाऊस ओढला की एमआयडीसी कपात जाहीर करते आणि सिडकोकडून हेटवण्याचं पाणी उसनं घ्यावं लागतं. धरणात गाळ साठलाय, उंची वाढवा, ही मागणी जुनी आहे.

इथे मुद्दा असा की नगरपरिषद स्वतःच्या धरणाची मालक नाही. ती पाणी विकत घेते आणि नळाने वाटते. नागरिक मात्र नळ कोरडा पडला की नगरपरिषदेतच जाणार. ज्याच्या हातात तोटी नाही, त्याच्याकडे शिव्या.

१९७० नंतर : शहराच्या भोवती शहर

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादनात गेली. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं आणि त्याचं तेल-वायू किनाऱ्याला आणायला उरणची जागा निवडली गेली. नागाव-म्हातवलीच्या बाजूला ओएनजीसी उभी राहिली. बोकडविऱ्याला वायूवर चालणारं वीज केंद्र आलं, भेंडखळला गॅस भरण्याचा प्रकल्प. मग शेवा-न्हाव्याला बंदर. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. करंजाच्या डोंगराकडे नौदलाचं शस्त्रागार आहेच.

जमीन सोपी गेली नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे भागात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्याच्याही आधी, २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात आठ आंदोलक गेले होते. म्हणजे या तालुक्यात जमिनीचा आणि रानाचा हक्क रक्ताने लिहिलेला आहे. चौऱ्याऐंशीच्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. सिडकोबाधितांसाठी त्याचा निर्णय १९९० मध्ये झाला. जेएनपीटीबाधितांना इरादापत्र मिळायला २०१४ चा ऑगस्ट उजाडला. बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. त्यातल्या लोकांना उरणजवळ बोरी पाखाडीला हनुमान कोळीवाड्यात बसवलं. त्या जागेला वाळवी लागली, घरं पोखरली. पुन्हा पुनर्वसन करा म्हणून ते लोक दोन पिढ्या झगडत आहेत. नकाशावर गाव हलवणं एका रेघेचं काम आहे, पण घर हलवायला जन्म जातो.

हद्दीचं गणित : प्रकल्प बाहेर, बोजा आत

आता या लेखाचा खरा मुद्दा. वर जे सगळे मोठे प्रकल्प सांगितले, ते उरण तालुक्यात आहेत, पण उरण नगरपरिषदेच्या हद्दीत नाहीत. ते आहेत नागाव, म्हातवली, चांजे, बोकडवीरा, भेंडखळ अशा ग्रामपंचायतींच्या किंवा सिडको आणि बंदराच्या क्षेत्रात. २०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेची लोकसंख्या ३० हजारांच्या थोडी वर आणि तालुक्याची १ लाख ६० हजार. म्हणजे तालुक्यातला पाचातला एक माणूस नगरपरिषदेत राहतो. पण बाजार, शाळा-कॉलेज, दवाखाना, कोर्ट, तहसील यासाठी बाकीचे चारही तिथेच येतात.

कायद्याने २५ ते ४० हजार वस्तीची नगरपरिषद 'क' वर्गात बसते. उरण 'क' वर्गात आहे. वर्ग खालचा म्हणजे अधिकारी-कर्मचाऱ्यांची पदं कमी, अनुदान कमी. पण कचरा, गाडी-घोडा आणि गर्दी 'क' वर्गाची नाही, ती तालुक्याची आहे.

हद्द वाढवायला जागा कुठे आहे? एका बाजूला समुद्र. दुसऱ्या बाजूला डोंगर आणि नौदलाचा सुरक्षा पट्टा, त्यातल्या घरांचा प्रश्न अनेक वर्षं लोंबकळतोय. तिसऱ्या बाजूला तिवरं, ज्यांना हात लावता येत नाही आणि लावूही नये. चौथ्या बाजूला सिडकोचं द्रोणागिरी नोड. त्यामुळे शहर आडवं वाढलं नाही, उभं वाढलं. जुन्या कौलारू घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती, रस्ते मात्र बैलगाडीच्या मापाचे. कचरा टाकायला हक्काची जागा नाही, हा प्रश्नही याच हद्दीतून जन्मलेला.

धोकाही हद्द बघत नाही. ३ सप्टेंबर २०१९ ला ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली, चार जीव गेले. कर कोणाला मिळतो हे आगीला विचारून लागत नाही.

कारभार कसा बदलला?

१९६५ मध्ये महाराष्ट्राने नगरपरिषदांचा एकच कायदा केला. आजही कारभार त्याच कायद्यावर चालतो. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. मुदतीत निवडणूक, महिला आणि मागासवर्गीयांना आरक्षण, राज्य निवडणूक आयोग ही सगळी त्यातून आली. २०११ मध्ये महिलांचं आरक्षण ५० टक्के झालं. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडायचा की नगरसेवकांनी, यात मात्र सरकार बदललं की कायदा बदलत राहिला.

रोजचा कारभार मुख्याधिकाऱ्याच्या सहीने चालतो आणि तो असतो शासनाचा. अलीकडच्या काळात राज्यभर निवडणुका लांबल्या आणि नगरपरिषदांवर प्रशासक आले. वॉर्डातलं गटार तुंबलं तर सांगायला आपला निवडलेला माणूसच नाही, असा तो काळ. ७४ व्या दुरुस्तीचा हेतू नेमका याच्या उलट होता.

लाँच, लोकल आणि सागरी सेतू

शंभर वर्षं उरणचा मुंबईशी रस्ता म्हणजे मोरा ते भाऊचा धक्का. आजही लाँच चालते, पण मोऱ्याला गाळ साठतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच थांबते. दक्षिणेला करंजा-रेवस तर आहे. तिथे पूल व्हावा ही कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची. त्या पुलाचं काम आता हाती घेतलं गेलंय.

नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकल खारकोपरपर्यंत आली. १२ जानेवारी २०२४ ला खारकोपर-उरण लोकल आणि शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं. घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली ती त्याआधी, फेब्रुवारी २०१८ मध्ये. मुंबई बंदराच्या तोंडावरच्या बेटाला स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी वीज.

दळणवळण आलं हे चांगलंच. पोरं सकाळी लोकलने कामाला जातात, आजारी माणूस वेळेत मुंबईला पोचतो. पण रस्ता दोन्हीकडून चालतो. त्याच रस्त्याने जमीन घेणारेही येतात.

मग आता गावांनी काय बघायचं?

उरण शहराच्या इतिहासातून चार गोष्टी निघतात, त्या नवीन नगराच्या चर्चेत विचारल्या पाहिजेत.

एक : कर कोणाच्या हद्दीत पडणार? प्रकल्प एका संस्थेकडे आणि गर्दी दुसरीकडे, असं झालं की दुसरी संस्था कायमची गरीब राहते.

दोन : पाणी कोणाच्या मालकीचं? पाणी विकत घेणारी संस्था उन्हाळ्यात हात जोडून उभी असते.

तीन : निवडून आलेले लोक कधी येणार? प्राधिकरण नकाशा काढतं, परवानगी देतं, पण त्याला मत देता येत नाही. नगरपरिषद लहान असली तरी पाच वर्षांनी तिला जाब विचारता येतो. पनवेलची २०१६ मध्ये महापालिका झाली, तिथल्या गावांना वाढीव कराचा आणि सेवांचा काय अनुभव आला, ते जाऊन विचारून यायला हरकत नाही.

चार : गावठाणाचं काय? घरं वाढली, गावठाण वाढलं नाही. त्यातून गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न उभा राहिला. नवीन नकाशात आधी गावठाण मोजून घ्यायचं, मग बाकीचं.

हद्द बदलायची तर शासनाला प्रारूप अधिसूचना काढून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. विकास आराखड्यालाही तोच नियम. मुदत थोडी असते. हरकत लेखी द्यायची, पोच घ्यायची, पोच जपून ठेवायची. ग्रामसभेचा ठराव तारखेसह नोंदवहीत असला पाहिजे. तोंडी विरोधाची नोंद कुठल्याच फाइलमध्ये होत नाही.

आजा म्हणायचा, बांधाला खांड पडली की पाणी आत आल्यावर ओरडून उपयोग नाही, आधी उघाडी बघायची. या वेळची उघाडी म्हणजे ती हरकतीची तारीख.

थोडक्यात उरण

• १२ वे-१३ वे शतक : चांजे, राणवडचे शिलाहारकालीन शिलालेख
• १६ वे शतक : पोर्तुगीज अंमल
• १७३७-३९ : वसई मोहीम, बेट मराठ्यांकडे
• १७७४ : इंग्रजांचा ताबा; १७८२ : सालबाईचा तह
• १८६० चे दशक : नगरपालिका
• १८८३ : पनवेलसह ठाण्यातून कुलाबा जिल्ह्यात
• १९३० : चिरनेर जंगल सत्याग्रह
• १९६५ : राज्याचा नगरपरिषद कायदा
• १९७० : सिडको, ९५ गावांचं संपादन
• १९८४ : जासई-पागोटे गोळीबार, पाच हुतात्मे
• १९८९ : जवाहरलाल नेहरू बंदर सुरू
• १९९९ : नगरपरिषदांची जकात बंद
• २०२४ : उरण लोकल, अटल सेतू, १२४ गावांच्या नवीन नगराला मंजुरी